सही जुळत नाही

चेक परत आला, त्यावर शेरा होता, 'सही जुळत नाही'. आईने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी एक काम उरकून दुसऱ्याकडे धावत होते. 'घाईत केली असेल गं, दुसरा द्या,' एवढं बोलून मी फोन ठेवला. महिन्याभराने दुसरा चेकही त्याच शेऱ्यासह परत आला, पण ते आईने मला कळवलंच नाही. कळलं ते घरी गेल्यावर, बाबांचं टेबल पुसताना. दिव्याच्या बैठकीखाली चार घड्या घातलेला एक पाठकोरा कागद होता. उलगडला तर वरपासून खालपर्यंत नुसत्या सह्या, बाबांच्याच. पहिली थेट ओळखीची: आद्याक्षराचा ताठ दंड, मग एका दमात आडनाव, शेवटच्या अक्षरावरून मागे फिरवलेली रेघ आणि तिच्याखाली दोन टिंबं. ही दोन टिंबं मी माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दर सहामाहीला पाहिली आहेत. दुसरी सही पहिलीपेक्षा जरा लहान. पाचवी आणखी लहान. कागदाच्या तळाशी पोहोचेपर्यंत आडनाव म्हणजे मुंग्यांची एक ओळ झाली होती, मागे फिरणारी रेघ अर्ध्यात थांबलेली आणि दोन टिंबांचं मिळून एकच टिंब. पेन इतकं दाबून चालवलं होतं की कागदाच्या मागून बोट फिरवलं तर प्रत्येक सही हाताला लागत होती. रात्री सगळे झोपल्यावर, दिवा लावून, माझे बाबा स्वतःची सही गिरवत बसले होते.

मी तो कागद पुन्हा चार घड्या करून दिव्याखाली होता तसा ठेवला.

त्याला आता बरेच महिने झाले, पण तो कागद मनातून जात नाही. त्याचं कारण मला नीट सांगायचं आहे, कारण ते बाबांच्या आजारापेक्षा माझ्या काळजीशी जास्त निगडित आहे. मी काळजी करत नव्हते असं नाही. उलट, मी काळजीखेरीज दुसरं काही करत नव्हते असं माझ्या घरचे सांगतील. बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा मी त्यांना एक वही आणून दिली होती. रोज सकाळी रक्तदाब मोजायचा, तारीख घालून वहीत लिहायचा आणि दर रविवारी त्या पानाचा फोटो मला पाठवायचा. बाबांनी तीन वर्षांत एकही रविवार चुकवला नाही. फोटो आला की मी लगेच उघडायचे, आकडे वरून खाली वाचायचे, 130/80, 128/78, 134/82, आणि सुटकेचा श्वास टाकून अंगठ्याचं चित्र पाठवून द्यायचे. पुढेपुढे आकडे वाचायला फोटो दोन बोटांनी मोठा करावा लागायला लागला. मला वाटायचं, बाबा फोटो लांबून काढतात. एकदा मी त्यांना तसं सांगितलंही, 'बाबा, फोन जरा जवळ धरा.' त्यांनी पुढच्या रविवारी फोन जवळ धरला. तरी मला बोटांनी मोठं करावंच लागलं.

डॉक्टरांनी बाबांना तपासलं तेव्हा मी शेजारच्या खुर्चीत होते. रक्ताची तपासणी नाही, यंत्र नाही. त्यांनी बाबांना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर आपटायला सांगितलं. सुरुवातीला बोटं भरपूर उघडत होती, दहा-बारा वेळांनंतर उघडीप कमी कमी होत गेली, जणू दार कुणी आतून लोटून घेत होतं. मग दालनात चालून दाखवायला सांगितलं. मग पाठीमागे उभं राहून खांदे धरून अचानक ओढलं आणि बाबा किती पावलं मागे जातात ते पाहिलं. शेवटी एक कोरा कागद पुढे केला आणि म्हणाले, 'एक मोठं वाक्य लिहा, मनाला येईल ते.' बाबांनी लिहिलं. वाक्य सुरू झालं तेव्हाची अक्षरं आणि संपतानाची अक्षरं एकाच माणसाची वाटत नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, 'यांचं जुनं अक्षर पाहायला मिळेल का?' आणि माझा हात आपोआप पर्समधल्या फोनकडे गेला. तीन वर्षांचे रविवार माझ्या खिशात होते. डॉक्टर एकेक फोटो मागे सरकवत गेले आणि पानावरचे आकडे मोठे होत गेले.

मी त्या पानांवरचे आकडे वाचत होते. आजार अक्षरात लिहिलेला होता.

आपल्याकडे या आजाराला, म्हणजे पार्किन्सन्सला, कंपवात म्हणतात, आणि या नावानेच आम्हाला चकवलं. हात थरथरला असता तर आम्ही दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला असता. पण कंप सगळ्यांनाच असतो असं नाही, निदान सुरुवातीला तरी. बाबांचे हात स्थिर होते, मंद होते. मेंदूच्या मुळाशी डोपामिन, म्हणजे हालचालींना लागणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, तो वर्षानुवर्षं झिजत राहतो, आणि बाहेर काही दिसायला लागेपर्यंत त्यातला बराच मोठा भाग गेलेला असतो. त्याआधीच्या खुणा असतात, पण त्या आजाराच्या आहेत हे कुणाच्या ध्यानात येणार? बाबांना वास येईनासा झाला होता. गॅसवर भांडं करपून धूर झाला तरी ते शेजारच्या खोलीत शांत वाचत बसले होते, आणि आई त्यांच्या बेफिकिरीवर चिडली होती. झोपेत ते ओरडायचे, हात-पाय झाडायचे, एका रात्री तर आईच्या खांद्यावर त्यांचा हात जोरात बसला. तेव्हापासून ती दुसऱ्या पलंगावर झोपायला लागली. स्वप्नात शरीर निपचित ठेवणारी मेंदूतली सोय बिघडली की असं होतं आणि ते पुष्कळदा या आजाराच्या कैक वर्षं आधीच सुरू होतं, हे मला आता ठाऊक आहे. चालताना त्यांचा डावा हात हलत नव्हता. माझ्याकडे एका समारंभाचा व्हिडिओ आहे, त्यात तो हात खिशात काहीतरी जपून ठेवल्यासारखा अंगाला चिकटलेला दिसतो. आणि चेहरा. चेहऱ्याचं मला सगळ्यात जास्त लागतं. स्नायू ताठरले की चेहऱ्यावरचे भाव उमटेनासे होतात, पापण्याही कमी लवतात. मी घरी यायची तेव्हा बाबा दारात उभे असायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वीचं हसू नसायचं. वर्षभर मी हे धरून चालले होते की मी फार कमी वेळा येते म्हणून ते माझ्यावर नाराज आहेत. त्या नाराजीला मी मनातल्या मनात उत्तरंही देत होते. ते नाराज नव्हतेच. ते हसत होते, मला ते दिसत नव्हतं इतकंच.

जेम्स पार्किन्सन हा लंडनमधला डॉक्टर. त्याने 1817 साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, या आजारावर एक निबंध लिहिला. त्यात सहा माणसांचं वर्णन आहे, आणि त्यातले काही जण त्याने फक्त रस्त्यात येता-जाता पाहिलेले होते. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. परक्या माणसाची चाल रस्त्यात पाहून त्याला जे उमगलं ते मला स्वतःच्या बापाच्या घरात, एकाच छपराखाली चार-चार दिवस राहून उमगलं नाही. डॉक्टर असणं-नसणं हा भाग आहेच, पण तेवढंच नाही. तो बघत होता आणि मी तपासत होते. मी आले की आधी गोळ्यांची डबी उघडायची, किती खण रिकामे ते मोजायची, वही चाळायची, आईला चार सूचना करायची, स्नानघरात जाऊन फरशी ओली आहे का पाहायची. बाबा खुर्चीत बसून माझ्याकडे बघत असायचे. त्यांच्यासमोर नुसतं बसणं माझ्याच्याने होत नव्हतं, कारण नुसतं बसलं की भीती वाटायची. काळजीचं हे एक रूप आहे, कामात लपणारं, आणि ते मी स्वतःत फार उशिरा ओळखलं. आणि गंमत नव्हे, दुःख असं की आकड्यांवरही माझा जो भरवसा होता तो पुरता नव्हता. डॉक्टरांनी बाबांना पाच मिनिटं आडवं करून रक्तदाब मोजला, मग उभं करून पुन्हा मोजला. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर ते दुखणं मानतात. बाबांचा वरचा 130 वरून 104 वर आला होता. आमच्या वहीतले सगळे रक्तदाब खुर्चीत बसून घेतलेले होते.

आईबद्दल मला त्या दिवसांत फार राग आला होता. तिला ठाऊक होतं. नाव ठाऊक नव्हतं, पण बाकी सगळं ठाऊक होतं. बाबांच्या शर्टाची बटणं ती लावत होती, 'उशीर होतोय' असं म्हणून, म्हणजे त्यांना जमत नाही हे तिला बोलून दाखवावं लागू नये. चेकवरचा मजकूर ती लिहायची, फक्त सही त्यांची. ते खुर्चीतून उठताना ती नेमकी त्याच वेळी उठायची आणि काही तरी आणायच्या निमित्ताने हात पुढे करायची. मी विचारलं, 'मला का नाही सांगितलंस?' ती म्हणाली, 'तू आधीच इतकी घाबरलेली असतेस. ह्यांनीच सांगितलं होतं, तिला कळवू नकोस म्हणून.' मी घाबरू नये म्हणून ती दोघं माझ्यापासून लपवत होती आणि ती घाबरू नयेत म्हणून मी माझा आवाज फोनवर हसरा ठेवत होते. 'कसे आहात?' 'मजेत.' 'तू?' 'मीही मजेत.' दर संध्याकाळी आम्ही तिघं हे एकमेकांना पुरवत होतो. राग ओसरल्यावर मला तिची पाठ दिसली, तीही वाकलेली. तिच्या वयाचा हिशेब मी केलाच नव्हता. आजारी एक असतो आणि थकतात दोन, आणि माझी सगळी वही एकाच्याच नावाने होती.

घरात सगळ्यात जास्त भांडणं आवाजावरून होतात. बाबांचा आवाज खाली गेला आहे. पण त्यांना स्वतःला तो खाली गेल्यासारखा वाटतच नाही. या आजारात स्वतःच्या आवाजाचं माप बिघडतं, हळू बोललेलंही आपल्याला नेहमीसारखं ऐकू येतं. इकडे आईचे कान गेले आहेत, तेही वयाने जातात तसे, म्हणजे आधी वरच्या पट्टीतले सूर. त्यामुळे तिला बोलण्याचा गुणगुणाट कळतो, पण स, श, फ अशी अक्षरं गळून पडतात आणि शब्द लागत नाही. ते म्हणतात, 'मी एवढा ओरडतोय तरी तुझं लक्ष नसतं.' ती म्हणते, 'अहो, ओठातल्या ओठात पुटपुटता आणि वर मलाच बोलता.' दोघंही खरं बोलतात. मी मध्ये बसलेली असले की मी एकाचं दुसऱ्याला मोठ्याने सांगते, आणि पन्नास वर्षं एकमेकांशी बोलत आलेली ही माणसं माझ्या तोंडाकडे बघतात तेव्हा मला फार संकोच होतो. त्यांच्यातलं एखादं वाक्य माझ्यामार्फत जावं असं नसतंही. एकदा बाबा काही म्हणाले, आईने कान पुढे केला, मी सांगायला तोंड उघडलं आणि बाबांनी हाताने मला थांबवलं. मग त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, श्वास भरून घेतला आणि तेच वाक्य आईच्या उजव्या कानाशी पुन्हा म्हणाले. ती हसली. काय म्हणाले ते मी विचारलं नाही.

म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, असं आपण सहज बोलून जातो. मला ही म्हण आता सोसत नाही. लहानपणी मला अक्षर बाबांनी शिकवलं. वहीवर पट्टीने पेन्सिलीची रेघ मारून द्यायचे आणि सांगायचे, 'आपली अक्षरं रेघेवर बसत नाहीत, रेघेला लटकतात. दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी.' माझी अक्षरं दोरीवरून घसरायची, पण रोज थोडी कमी घसरायची, आणि मला काय येत नाही हे मला माहीत नव्हतं. बाबांना माहीत आहे. त्यांना आपली सही कशी होती ते पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर तो कागद. मुलाला चुकण्याचं दुःख नसतं आणि बाबा प्रत्येक बटणापाशी ते गिळतात. त्यांना मूल समजून मी 'शाब्बास' म्हटलं होतं एकदा, दारातून न अडखळता बाहेर आले म्हणून. त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते भाव न उमटणाऱ्या चेहऱ्यावरही मला लख्ख दिसलं. तो शब्द मी पुन्हा वापरलेला नाही.

दाराचं मात्र सांगायला हवं. सपाट, मोकळ्या जागेत बाबा बरे चालतात आणि दाराच्या चौकटीत आले की पाय जमिनीला खिळतात. ढकलून उपयोग नसतो, ओढून तर नाहीच, पडायची भीती. फिजिओथेरपिस्टने सांगितलं म्हणून आम्ही उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या. पाय खिळले की रेघेकडे बघायचं आणि ती ओलांडायची. आपोआप चालवणारी वाट बंद झाली असली तरी ठरवून टाकलेल्या पावलाची वाट मेंदूत वेगळी असते, ती उघडी असते. पहिल्यांदा त्यांनी ती रेघ ओलांडली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पाय अडकला, नजर खाली गेली, आणि पाऊल उचललं गेलं, अगदी नेहमीसारखं. आई मागे उभी राहून हळूच 'एक, दोन, एक, दोन' म्हणत होती.

गोळ्यांचं वेळापत्रक आता फ्रिजवर लावलं आहे: 7, 11, 3, 7. लेव्होडोपाची, म्हणजे मेंदूत जाऊन डोपामिन होणाऱ्या औषधाची, गोळी आणि जेवणातली प्रथिनं आतड्यात नि पुढे मेंदूच्या दारात एकाच वाटेने जाऊ बघतात, म्हणून गोळी जेवणाच्या बऱ्याच आधी घ्यायची. गोळी चढली की दोन-अडीच तास बाबा पुष्कळसे पूर्वीचे असतात. उतरायला लागली की आधी आवाज जातो, मग पाय. पूर्ण बरं करणारं औषध नाही, हेही आम्हाला स्पष्ट सांगितलं आहे. रात्री फोन उशाशी घेऊन झोपायची माझी सवय गेलेली नाही आणि जाईल असं वाटत नाही. अवेळी वाजला की त्या एका क्षणात मी सगळं जगून घेते. पण रविवारच्या फोटोऐवजी आता आम्ही व्हिडिओवर बोलतो, आणि मी आकडे नंतर विचारते. आधी बाबा काय वाचतायत ते विचारते. परवा त्यांनीच मला हम्बोल्टबद्दल सांगितलं. जर्मन भाषापंडित, 1835 साली वारला. आपलं अक्षर लिहिता लिहिता बारीक होत जातं, हे त्याने स्वतःच आपल्या पत्रांतून लिहून ठेवलं आहे. पुढच्या अभ्यासकांना त्यात हाच आजार दिसला. बाबा म्हणाले, 'जावा बेटावरच्या एका जुन्या भाषेवर त्याचं काम शेवटपर्यंत चालू होतं बरं का.' हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

बँकेत नव्या सहीचा नमुना द्यायला आम्ही 11 ची गोळी चढल्यावर गेलो. त्या कागदाबद्दल मी अजून त्यांना काही बोललेले नाही, तेही नाहीत. निघताना मी एक वही पुढे केली, रेघा आखलेली, म्हटलं, 'जरा हात मोकळा करून घेता का?' त्यांनी वही बाजूला सारली, खणातून पट्टी काढली, कोऱ्या कागदावर स्वतः रेघ मारली. पट्टीला टेकवलेलं पेन सरळ गेलं. तिच्याखाली एकच सही केली, पाहिली आणि कागद खिशात ठेवला.

खिडकीपलीकडच्या मुलीने तीन चौकटी असलेलं कार्ड दिलं. मागे रांग होती. मी सवयीने म्हणायला गेले, 'सावकाश करा, बाबा', आणि गप्प राहिले. त्यांनी चौकटीच्या वरच्या कडेवर पेनचं टोक क्षणभर टेकवलं आणि तिथून अक्षरं खाली सोडली. दंड, आडनाव, मागे फिरणारी रेघ. तिन्ही चौकटी भरल्या. पहिलीपेक्षा तिसरी लहान होती. ते त्यांनीही पाहिलं, मीही. मुलीने कार्ड घेतलं, म्हणाली, 'काका, यापुढे हीच सही चालेल.' मी पेनला टोपण लावत होते. बाबा काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही म्हणून मी खाली वाकले.

'टिंबं राहिली.'

मी मुलीकडून कार्ड परत मागून घेतलं. त्यांनी पेनचं टोपण काढायला वेळ घेतला, मी हात पुढे केला नाही. मग प्रत्येक सहीखाली दोन-दोन टिंबं दिली, एकमेकांपासून चांगलं अंतर राखून.